पाय उचलला की बार

मेहुण्यानं गोल्फ कार्टची किल्ली हातात देताना एवढंच सांगितलं, "दाजी, दाबा तुम्ही कितीपण, फक्त पाय उचलू नका."

पाय उचलला की गाडी बार काढायची. एकच, सायलेन्सरमधून, सुतळी बॉम्बसारखा. वैशाखातल्या एका लग्नात तिसरं मंगलाष्टक चालू असताना ड्रायव्हर पोरानं हॉलच्या दाराशी गाडी थांबवली आणि बार झाला. बँडवाले कान फटाक्याकडं लावूनच बसलेले असतात. त्यांना वाटलं, लागलं लग्न. त्यांनी वाजवायला सुरुवात केली, बँड ऐकून मागच्या लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता टाकून दिल्या आणि निम्मी मंडळी जेवणाकडं वळली. अंतरपाट अजून धरलेलाच होता. भटजी माइकवरून "थांबा, थांबा" म्हणत होते ते बँडच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. मुलीच्या वडिलांनी नंतर बिलातून पैसे कापून घेतले, ते वेगळंच.

मेहुण्याचं लॉन्स विजापूर रोडला, गावाच्या बाहेर. गेटपासून हॉल तीनशे मीटर आत. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो तेव्हा म्हातारी माणसं एवढं चालत येऊ शकत नाहीत. म्हणून त्यानं पुण्याकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या लिलावातून ही गोल्फ कार्ट आणली. आपल्याकडं असल्या गाड्या बहुतेक बॅटरीवर चालणाऱ्याच दिसतात. ही पेट्रोलची, म्हणून कुणी घेईना, म्हणून स्वस्त. मेहुण्याचं गणित नेहमी असंच असतं. गाडी स्वस्तात येते आणि मग मला फोन येतो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं मेंटेनन्स बघितलं. यंत्रमाग, वायंडिंग, बॉयलरचा पंप, जनरेटर. मोटारीचं शिक्षण काही नाही. पण आषाढ लागला की लग्नं थांबतात ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. गाडी शेडमध्ये उभी, मी घरात बसून. हिनं स्वतःच भावाला सांगून टाकलं, "यांना घेऊन जा, नाहीतर घरातला मिक्सर उघडतील."

शेडमध्ये गेल्यावर आधी सीट उचलली. या गाडीचं इंजिन सीटच्या खाली मागच्या बाजूला असतं. कावासाकीचं एफई२९०, एक सिलेंडर, चार स्ट्रोक, २८६ सीसी, हवेवर थंड होणारं. इंजिनावर पंखा आणि त्यावर पत्र्याचं आवरण. ते आवरण काढलं आणि आतून मंडपाच्या कापडाच्या चिंध्या, झेंडूच्या वाळक्या पाकळ्या आणि मूठभर पिवळे तांदूळ निघाले. उंदरानं अक्षता साठवल्या होत्या. सिलेंडरच्या पात्यांमधून हवा जायची वाटच बंद. इंजिन एवढे दिवस तापून आवळलं कसं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. तीनशे मीटर जायचं आणि बंद व्हायचं, म्हणून वाचलं असावं.

ही गाडी चालते कशी ते आधी सांगायला पाहिजे, कारण मलाही ते समजायला दोन दिवस लागले. हिला सेल्फचं बटण नाही. किल्ली फिरवली तरी काही होत नाही. पेडल जरा दाबलं की पेडलाशी बसवलेला एक छोटा स्विच 'टक' करतो. त्यानं सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा मोठा स्विच, ओढला जातो आणि बेल्टवरचा स्टार्टर इंजिन फिरवतो. इंजिन लागलं की तोच स्टार्टर उलटा जनरेटर होऊन बारा व्होल्टची बॅटरी भरतो. पेडल आणखी दाबलं की कार्बोरेटरचा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडतो, इंजिनाचे फेरे वाढतात, पुढची पुली आवळते आणि गाडी हलते. पाय काढला की स्विच सुटतो, ठिणगी बंद, इंजिन बंद. गाडी उभी असताना इंजिन चालूच नसतं. पहिल्यांदा बसणाऱ्या माणसाला वाटतं, बंद पडली.

आमच्या भागातल्या मेस्त्रीला बोलावलं. दुचाकीचं गॅरेज आहे त्याचं. घरी तेलुगू बोलतो, गिऱ्हाइकाशी कन्नड आणि मराठी, आणि बोल्ट जाम झाला की उर्दू. त्यानं मागं बघितलं, पुली-बेल्ट बघितले आणि हसला. "अण्णा, हे तर ॲक्टिवाच आहे की. व्हेरिएटर मोठा, एवढंच." खरंच आहे. गिअर नाही, इंजिनाच्या फेऱ्यांवर पुलीचा व्यास बदलतो. बाराचं ऐकून तो म्हणाला, "कार्बोरेटर. पेट्रोल जास्त जातंय."

मग आम्ही दोघांनी ते केलं जे करायला नको होतं. मिश्रणाचा स्क्रू फिरवला. आधी आत, मग बाहेर, मग परत आत. आधी तो पूर्ण बसेपर्यंत किती फेरे होता ते मोजायला हवं होतं. मोजलं नाही. संध्याकाळी इंजिन लागायचंच बंद झालं आणि पहिल्यापासून स्क्रू कुठं होता ते दोघांनाही सांगता येईना. अठ्ठावीस वर्षं मी शिकाऊ पोरांना सांगत आलो, सेटिंग हलवण्याआधी खडूनं खूण कर. माझ्या खिशात खडू होता त्या दिवशी.

दुसरी चूक पूर्ण माझी. ऑइल काळंकुट्ट होतं, ते काढलं. नवीन घालताना डबा हातात होता, दीड लिटर ओतलं. एवढं मोठं इंजिन, लागत असेल, असा हिशोब. मागाहून मोबाइलवर मॅन्युअल शोधून वाचलं तर हिला लिटरभराच्या आसपासच लागतं. जास्त झालेलं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनाच्या श्वासाच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात गेलं. फिल्टर भिजला, इंजिन कसंबसं लागलं आणि शेडमध्ये निळा-पांढरा धूर असा भरला की शेजारच्या द्राक्षवाल्यानं येऊन विचारलं, फवारणी चाललीय काय. ऑइल परत काढलं, काडीवरच्या खुणेपर्यंतच ठेवलं, फिल्टर नवीन टाकला. ॲक्टिवात पडतं तेच १०डब्ल्यू-३० चाललं, तेवढं एक बरं झालं.

मग दोन दिवस गेलोच नाही. घरी बसून मॅन्युअल वाचलं, चष्मा पुसून पुसून. तिसऱ्या दिवशी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी फडक्यात बांधून सकाळीच गेलो आणि एकटाच सुरुवातीपासून लागलो. आता कार्बोरेटरला शेवटी हात लावायचा, असं ठरवून.

आधी बॅटरी. मोजली तर १२.१ व्होल्ट. चांगली भरलेली बारा पॉइंट सहाच्या पुढं दाखवते. टर्मिनलवर पांढरं फूल आलेलं, ते गरम पाण्यानं धुतलं, तारा घासल्या, रात्रभर चार्जिंगला लावली. बॅटरी कमी असली की स्टार्टर आळसावतो आणि माणूस उगाच पेट्रोलवर संशय घेतो.

मग प्लग. बाहेर काढला तर काजळीनं मखमल झालेला. त्यावरचा नंबर वाचला, बीपीआर२ईएस. नवी पेठेत दुकानदारानं सहा नंबरचा पुढं केला. म्हणाला, "आकडा इकडं-तिकडं चालतंय की." एनजीकेच्या प्लगमध्ये आकडा जेवढा लहान तेवढा प्लग गरम चालतो, म्हणजे स्वतःवरची काजळी स्वतः जाळतो. तीनशे मीटर जाऊन बंद होणाऱ्या इंजिनाला गरम प्लगच पाहिजे. थंड प्लग आठवड्यात परत काळा करून ठेवील. म्हणून तो घेतला नाही. दोन नंबरचा मागवून घ्यावा लागला, चार दिवस गेले. आल्यावर गॅप पॉइंट पंच्याहत्तर मिलिमीटरला बसवली.

त्या चार दिवसांत पेट्रोलची लाइन उघडली. हिला वीज लागणारा पंप नाही. इंजिनाच्या पोटात पिस्टन वर-खाली होताना जो दाब कमी-जास्त होतो, तो एका नळीनं पंपापर्यंत येतो आणि आतला रबराचा पडदा हलवतो. साधी युक्ती, पण नळीला बारीक चीर गेली की पडदा निम्माच हलतो. आमच्या नळीला चीर होती, वाकवल्यावरच दिसणारी. पेट्रोलच्या नळ्याही आतून फुगून मऊ पडलेल्या. त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात पिकतं. आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२०, म्हणजे शंभर भागांत वीस भाग इथेनॉल, आणि त्यातलं काही उसातून येतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून त्याला नावं कशी ठेवायची? पण जुन्या रबराला ते मानवत नाही, आणि टाकीत महिनोन्महिने पडून राहिलं तर हवेतली ओल ओढतं. नळ्या सगळ्या बदलल्या. नवीन नळ्या घेताना दुकानदाराला इथेनॉल सोसणारी पाहिजे असं स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर तो फवारणी पंपाची देतो. पंपाची नळी बाटलीत धरून मेहुण्याच्या पोराला पेडल दाबायला लावलं. पिचकारीसारखं पेट्रोल ठेक्यात आलं. प्लगची वायर तेव्हा काढून अर्थ केली होती आणि बाटली लांब धरली होती. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकत्र ठेवणाऱ्या एका माणसाची भाजलेली भुवई मी कारखान्यात बघितली आहे.

आता टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारा रॉकर यांच्यातली फट. यात मला खरी मजा आली.

इंजिन पूर्ण थंड पाहिजे, म्हणून सकाळी सातला गेलो. प्लग काढला. त्याच्या भोकात नारळपाण्याच्या गाड्यावरची प्लास्टिकची स्ट्रॉ सोडली आणि पुली हातानं हळूहळू फिरवली. स्ट्रॉ वर येते, वर येते आणि एका जागी थांबून खाली जायला लागते. थांबते ती जागा म्हणजे पिस्टन सगळ्यात वर. लोखंडी काही घालू नये, आत तुटलं तर इंजिन उतरवावं लागेल. पण पिस्टन दोन वेळा वर येतो. एकदा दाबाच्या वेळी, एकदा धूर बाहेर टाकायच्या वेळी. दाबाच्या वेळी दोन्ही रॉकर बोटानं हलतात. मी पहिल्यांदा चुकीच्या वेळी मापलं आणि इनटेकचा रॉकर घट्ट बघून घाबरलो. मग आणखी एक पूर्ण फेरा दिला.

मॅन्युअलमध्ये दोन्ही व्हॉल्व्हना ०.१० मिलिमीटर, मेस्त्रीच्या भाषेत चार थाऊ, म्हणजे इंचाचे चार हजारांश. इनटेकला ०.१५ची पट्टी जात होती, म्हणजे सैल, इंजिनातून टकटक आवाज यायचा तो याचाच. एक्झॉस्टला ०.०५चीसुद्धा जाईना. फट शून्य. गरम झाल्यावर गाडी लागायची नाही, ते का हे तिथंच कळलं. व्हॉल्व्ह जसा त्याच्या सीटमध्ये, म्हणजे तो जिथं टेकून मिटतो त्या कडेत, झिजून बसत जातो तशी फट कमी होते. इंजिन तापलं की लोखंड वाढतं, मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही आणि दाब निसटतो. आवाज करणारा टॅपेट निदान सांगतो तरी. घट्ट झालेला गप्प राहून व्हॉल्व्ह जाळतो. मागातही घट्ट झालेली बेअरिंग कुरकुरत नाही, थेट बसते.

सेट करणं म्हणजे एका हातात पाना, दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर आणि तिसऱ्या हातात फिलर गेज, म्हणजे मापाच्या पट्ट्या. तिसरा हात मेहुण्याच्या पोराचा. वजनाखाली दाबलेला कागद ओढताना जसा अडकत अडकत येतो तशी पट्टी आली पाहिजे. बसली म्हणून नट आवळला की स्क्रू नटाबरोबर केसभर फिरतो आणि फट परत बदलते. तीनदा झालं. चौथ्यांदा स्क्रू किंचित सैल ठेवून नट आवळला, तेव्हा बरोबर चार थाऊ आली. पोरगं म्हणालं, "मामा, एवढ्याशा फटीसाठी तास गेला की." मी त्याला फट दाखवली. दोन व्हॉल्व्हांवर मिळून दुपारचे बारा वाजले होते.

आणि कार्बोरेटर? तो उघडला, पण स्क्रू फिरवायला नाही, धुवायला. खालच्या वाटीत मधासारखा चिकट गाळ. मंद चालीला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक उजेडाकडं धरलं तर उजेड दिसेना. मेस्त्री सुई घेऊन पुढं आला, मी त्याचा हात धरला. पोलादी सुईनं पितळ कोरलं जातं आणि भोक कायमचं मोठं होतं. विजेच्या वायरमधला तांब्याचा एक केस काढून फिरवला, मग क्लीनरचा फवारा. मिश्रणाचा स्क्रू अलगद पूर्ण बसवून मॅन्युअलप्रमाणे फेरे मोजून सोडला. वहीत लिहिलं, तारखेसकट.

इंजिन पहिल्या दाबाला लागलं. आवाज गोल, धूर नाही. पोरगं नाचायला लागलं. मी पाय उचलला.

बार.

त्या दिवशी मी घरी कुणाशी बोललो नाही.

रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यात माग चालू होता. धोट्याच्या मागात सगळा खेळ आधी-नंतरचा असतो. ताण्याचे धागे आधी वर-खाली होऊन वाट उघडली पाहिजे, मगच आडवा धागा नेणारा धोटा सुटायला पाहिजे, धोटा पार गेल्यावरच फणी ठोकायला पाहिजे. सगळे भाग चांगले असूनही ही वेळ जरा चुकली तर धोटा धाग्यांत अडकतो किंवा उडून कुणाच्या तरी कपाळावर बसतो. जॉबर, म्हणजे मागाचा मेस्त्री, माग दुरुस्त करतो म्हणजे बहुतेक वेळा काही बदलत नाही, वेळ लावतो. मी महिनाभर या गाडीतला एकेक भाग बघत होतो. पाय उचलल्यावर कुठली गोष्ट आधी होते आणि कुठली नंतर, हे बघितलंच नव्हतं.

पाय उचलताना दोन गोष्टी व्हायच्या असतात. थ्रॉटल मिटायचा आणि ठिणगी बंद व्हायची. थ्रॉटल आधी मिटला पाहिजे. ठिणगी आधी बंद झाली आणि थ्रॉटल उघडाच राहिला, तर इंजिन आपल्या वेगानं आणखी काही फेरे फिरतं, पेट्रोल-हवेचा घोट ओढतं, जाळत नाही, तसाच तापलेल्या सायलेन्सरमध्ये सोडतं. तिथं तो पेटतो. मंगलाष्टकात.

सकाळी किल्ली बंद, बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली, पुढच्या चाकांना विटा. सीट उचलून मी कार्बोरेटरवर नजर ठेवली आणि पोराला म्हटलं, पेडल हातानं दाब, अगदी हळू. बरोबर काय व्हायला पाहिजे? आधी स्विचचा 'टक', मग थ्रॉटलचा आर्म हलायला पाहिजे. आमच्या गाडीत आर्म आधीच उघडा. पेडलाला कुणी हात लावलेला नसतानाही तो त्याच्या थांब्यापासून दोन-तीन मिलिमीटर वर.

"केबल कुणी आवळली?" मी विचारलं.

पोरगं म्हणालं, "ड्रायव्हरनं मागच्या वर्षी आवळून आणली होती, मामा. पिकअप यायला."

या गाडीत दोन केबली आहेत. एक पेडलापासून मागच्या गिअरबॉक्सवरच्या, वेग बांधून ठेवणाऱ्या गव्हर्नरच्या आर्मपर्यंत, दुसरी तिथून कार्बोरेटरपर्यंत. आधी कार्बोरेटरकडची. दोन्ही बाजूंचे चेकनट सोडले, आर्म थांब्याला टेकेपर्यंत केबल ढिली केली, किंचित झोल ठेवला. मग पेडल पूर्ण दाबायला लावून थ्रॉटल पूर्ण उघडतोय ना ते बघितलं. मग पेडलाकडची. पोरगं दाबतंय, मी ऐकतोय. आर्म आधी, टक नंतर. सोड. अर्धा फेरा. दोन्ही एकदम. सोड. आणखी अर्धा फेरा. टक, आणि मग आर्म हलला. आता उलटं, पाय उचलताना. आर्म टेकला, आणि मग टक. वीसएक वेळा करून बघितलं. पेडलाच्या सांध्यात लाल माती आणि गंज होता, तो घासून ग्रीसचं बोट फिरवलं, नाहीतर पेडल परत येताना रेंगाळतं आणि सगळा हिशोब बिघडतो.

खर्च शून्य. दोन दहाचे पाने आणि एक कान.

मागची चाकं स्टँडवर घेऊन बॅटरी जोडली, किल्ली दिली. पोराचा शर्ट आत खोचायला लावला आणि हातातला दोरा काढायला लावला. उघड्या बेल्टजवळ लोंबणारं काहीही मला चालत नाही, यावर मी कुणाचं ऐकत नाही. पेडल दाबलं, इंजिन लागलं, चाकं फिरली. पाय उचलला. इंजिन फुस्स करून थांबलं. पुन्हा. फुस्स. मेस्त्री चहा घेऊन आला होता, तो म्हणाला, "एवढंच होतं काय?" मी म्हटलं, एवढंच नव्हतं. केबल आधी केली असती तर बार थांबला असता, पण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कार्तिकापर्यंत जळाला असता.

बाकीचं भराभर उरकलं. स्टार्टरचा बेल्ट अंगठ्यानं दाबून अर्धा इंच लवेल एवढा ताणला. जास्त ताणला की जनरेटरची बेअरिंग जाते. मोठा बेल्ट कडेनं चकाकत होता आणि बारीक भेगा होत्या, तो पुण्याहून कुरिअरनं मागवला. पुल्यांना ग्रीस लावू नका असं ड्रायव्हरला सांगितलं, कारण त्यानं मागं एकदा लावलेलं होतं. महिनाभरानं प्लग काढून बघितला तर विटकरीपेक्षा फिकट, पांढऱ्याकडं झुकलेला. तेही ई२०चंच. निव्वळ पेट्रोलच्या एका किलोला जळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला नऊच. वीस टक्के मिसळल्यावर साडेतेराच्या आसपास येतं. जुना जेट जुन्या हिशोबानं पेट्रोल सोडतो, म्हणून हवा जास्त होते आणि इंजिन गरम चालतं. मेन जेट एक नंबर मोठा टाकला. आता प्लग चहाच्या रंगावर आलाय.

एकाच गोष्टीवर भांडण झालं. पोरानं गव्हर्नरचा स्प्रिंग बघून ठेवला होता. "मामा, हे जरा ओढलं तर चाळीसनं पळेल." पळेल. गाडी मुद्दाम ताशी वीस-बावीसवर बांधलेली आहे. ब्रेक फक्त मागच्या चाकांना, छप्पर चार नळ्यांवर, पट्टा नाही, आणि मागच्या सीटवर नऊवारीतल्या आज्जी उलट तोंड करून बसणार. मी नाही म्हटलं. मेहुणा म्हणाला, थोडं तरी, वरातीत शोभा येईल. मी पाना पेटीत टाकला, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली हिच्याकडं दिली. बहिणीकडं मागायची त्याची हिंमत नाही.

तुळशीच्या लग्नानंतरचं पहिलं लग्न कार्तिकातच होतं. ड्रायव्हर पोरगं सवयीनं गेटपासून हॉलपर्यंत पाय दाबूनच ठेवून आलं आणि दारात पाय उचलायला घाबरत होतं. इंजिन चालू, ब्रेकवर दुसरा पाय, गाडी नुसती थरथरतेय. आत मंगलाष्टकं चालली होती. मी खुणेनं सांगितलं, उचल. त्यानं डोळे मिटून उचलला.

आज्जी उतरल्या आणि म्हणाल्या, "बंद पडली की रे गाडी."

वहीत पुढची नोंद केलीय: मार्गशीर्षात ऑइल, माघात टॅपेट परत मोजणे, स्टार्टरचे ब्रश बघायचे राहिलेत.